जहाजांची वकिली

फेलिसिया स्वयंपाकघरात आली आणि तिने रेडिओ बंद केला. अब्दिएल हिरवी केळी सोलत होता. चीक लागू नये म्हणून त्याने हात मिठाच्या पाण्यात बुडवून घेतले होते.

"रेडिओ का बंद केलात?"

"बसा, कोंपाद्रे."

"बसलोच आहे की."

"मग ती सुरी खाली ठेवा."

त्याने सुरी ठेवली नाही. फेलिसिया समोरच्या घरात राहायची. त्याच्या मुलीची, यारिएलाची, ती धर्ममाता होती, आणि त्या नात्याने दोघे एकमेकांना कोंपाद्रे, कोमाद्रे म्हणत. एरवी ती फाटकापासूनच ओरडत यायची. गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा तिचा आवाज पाठ होता. आज ती हळू बोलत होती, आणि तेच अब्दिएलला खटकले.

"गाराचिनेची बोट पोचली नाही," ती म्हणाली. "आखाताच्या तोंडाशी उलटली म्हणतात. काही माणसं मच्छीमारांनी काढलीत."

"ओमाइराला पोहता येतं," अब्दिएल म्हणाला. त्याने पुढचे केळे उचलले, त्याला उभी चीर दिली आणि साल ओढून काढली.

ओमाइरा त्याची बायको. भाचीचा चर्चमधला पहिल्या कम्युनियनचा विधी होता, म्हणून ती आदल्या दिवशी मालवाहू बोटीने गाराचिने गावी बहिणीकडे निघाली होती. खाली सिमेंटच्या गोण्या आणि गॅसच्या टाक्या, वर माणसे. केकचा डबा तिने मांडीवर घेतला होता. अब्दिएलनेच तिला धक्क्यावर सोडले होते. ती जाताना म्हणाली होती, डाळ करपवू नका.

संध्याकाळी यारिएला आली. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि बातमी कळल्यावर वर्गातून उठून थेट बंदराच्या कार्यालयात गेली होती. दारातच उभी राहून तिने सांगितले, "वाचलेल्यांत आई नाही. सापडलेल्या प्रेतांतही नाही."

अब्दिएलने त्यातले दुसरे वाक्य तेवढे धरून ठेवले.

त्यानंतर बरेच दिवस तो जो कोणी ओमाइराबद्दल 'होती' म्हणेल त्याच्याकडे रोखून पाहायचा. माणसे चपापून 'आहे' म्हणायची, किंवा विषय बदलायची. कालव्यात येणाऱ्या जहाजांना होडी वल्हवत दोर नेऊन देण्याचे काम त्याने उभा जन्म केले होते. समुद्रावरच्या माणसांच्या कितीतरी गोष्टी त्याने ऐकलेल्या होत्या. बोटीतून पडलेल्या एका माणसाला कोलंबियाच्या होडीने उचलले होते, आणि तो घरी परतला तेव्हा बायकोने त्याचे कपडे वाटूनही टाकले होते. अब्दिएल ही गोष्ट ज्याला त्याला सांगे. फेलिसियाने ती इतक्यांदा ऐकली की शेवटी तिने विचारले, "आणि मग कपड्यांचं काय झालं?"

नऊ दिवसांची प्रार्थना ठेवायची असे तिने सुचवले तेव्हा तो तिच्यावर उखडला.

"ती मेलेल्यांसाठी ठेवतात. इथे मेलंय कोण?"

"नसेल मेली तर प्रार्थनेने काही बिघडत नाही, कोंपाद्रे. देवाकडे जमा राहील."

"माझ्या घरात नाही."

"नको तुमच्या घरात. माझ्या घरात खुर्च्याही जास्त आहेत."

प्रार्थना समोरच्या घरात झाली. अब्दिएल रोज आपल्याच फाटकाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहायचा. शेवटच्या संध्याकाळी गल्लीत एक मोठी गाडी थांबली. उतरलेल्या माणसाचे केस पांढरे होते आणि हातात कॉफीचा डबा होता. यारिएला लगबगीने बाहेर आली. दोघे अब्दिएलच्या कुंपणालगतच थांबले. पलीकडे अंधारात तो उभा आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही.

"तू परवा जे बोललीस त्यावर मी विचार केला," तो माणूस म्हणाला. "जागा तुझी. घाई नाही. इकडचं आटोपलं की ये."

"थँक यू, सर."

अब्दिएलने कुंपणाची तार धरली. परवा? परवा तो आणि चेमो बंदरावरच्या माणसांशी भांडत होते, शोध का थांबवला म्हणून. यारिएला अभ्यासाचे पुस्तक परत द्यायचे आहे असे सांगून गेली होती.

चेमो हा त्याचा जुना सोबती, त्याच्याच होडीत वल्ही मारलेला, आता टॅक्सी चालवत होता. गाडी गेल्यावर तो रस्ता ओलांडून आला.

"ओळखलंस याला?"

"नाही."

"गार्सेस वकील. जहाजांच्या खटल्यांतला एक नंबर. यारिएलाला शिकवतो म्हणे. खाडीकाठच्या काचेच्या इमारतीत याची फर्म आहे, दोन मजले." चेमोने आवाज उतरवला. "आणि आपल्या बाल्बिनोचे कागद कोणाकडे असतात सांगू? याच्याचकडे."

बाल्बिनो म्हणजे बुडालेल्या बोटीचा मालक.

"तुला कोणी सांगितलं?"

"त्याचाच ड्रायव्हर माझ्या स्टँडवर उभा असतो. अरे, बोट बुडाल्यापासून इथे कॉफी घेऊन आलेला हा पहिला कोटवाला. कशासाठी आला असेल?"

दुसऱ्या दिवशी फेलिसियाने त्या डब्यातली कॉफी केली तेव्हा त्याने पेला तोंडाला न लावता परत केला.

घराच्या पुढच्या भागात ओमाइराची खानावळ होती. ती फेलिसियाने बंद पडू दिली नव्हती. पुढच्या रविवारी दुपारची गिऱ्हाइके गेल्यावर चौघे टेबलाशी बसले होते. यारिएलाला आता उमेदवारी कुठे करायची हे ठरवायचे होते. त्याशिवाय वकिलीचा परवाना हाती पडत नव्हता. पहिली जागा जिथे मिळते तीच पुढची वाट ठरते, असे तिचे म्हणणे होते. एकदा माणसाला एका कामाची सवय लागली की दुसरीकडे कोणी घेत नाही.

"कुटुंबाचा कायदा घे," फेलिसिया म्हणाली. "नवरा-बायकोची भांडणं. कधी मंदी नाही. या गल्लीतच तुला दहा गिऱ्हाइकं देते. पहिली मीच."

"तुमचा नवरा कुठे आहे पण? त्याला समन्स बजावायला तरी सापडायला हवा," चेमो म्हणाला.

"म्हणूनच तर चांगली वकील हवी."

"तसलं काही नको, पोरी," चेमो म्हणाला. "बँका, कंपन्या. एसीत बसायचं, गोऱ्या माणसाला सही कुठे करायची ते दाखवायचं."

"ते दिवस गेले, काका. कागदावरच्या कंपन्यांचं काम निम्म्यावर आलंय. आमच्या सीनियर मुली नोकऱ्या शोधताहेत."

अब्दिएल इतका वेळ टेबलावरचे भाताचे शीत नखाने टोकरत होता. तो म्हणाला, "कामगारांची वकिली. मी युनियनच्या वकिलांशी बोललोय. ऑफिस पुढच्या थांब्यावर. संध्याकाळी घरी." थोडे थांबून तो म्हणाला, "तुझ्या आईलाही तेच पसंत आहे."

यारिएलाने त्याच्याकडे पाहिले. तिने 'आहे' या शब्दाला हरकत घेतली नाही.

"बाबा, युनियनचे वकील सत्तरीचे आहेत. त्यांच्याकडे एक टायपिस्ट आहे आणि एक पंखा. ते गेले की मी कुठे जाणार? मला अशी शाखा हवी की उद्या इथे जमलं नाही तर दुसरीकडे जाता येईल. इथून सिंगापूरपर्यंत जहाजांचे नियम थोड्याफार फरकाने सारखेच. या देशात जहाजं यायची थांबणार नाहीत. मी सागरी कायदा घेतेय. गार्सेस सरांकडे."

फेलिसियाने ताटे गोळा करायला सुरुवात केली, जरी चेमोचे खाणे संपले नव्हते.

"बाल्बिनोच्या वकिलाकडे," अब्दिएल म्हणाला.

"ते शेकडो लोकांचे वकील आहेत."

"त्यातला एक बाल्बिनो."

"मला त्याच्याबद्दल इथे बोलता येणार नाही, बाबा."

"का? मी बाप आहे तुझा."

"म्हणूनच."

तिला उत्तर देणे टाळायचे होते हे त्याला दिसले. लहानपणी खोटे बोलताना ती डाव्या हाताने वेणी ओढायची. आता वेणी नव्हती, पण हात मानेपर्यंत गेला आणि परत आला.

"किती स्वस्तात विकलीस आईला?" त्याने विचारले.

चेमो ताट सोडून उठला. फेलिसिया मोरीपाशी पाठमोरी उभी राहिली. यारिएला बसूनच होती. मग तिने टेबलावरचे पाणी फडक्याने पुसले, फडके घडी घालून ठेवले आणि ती आत गेली.

ती रुजू झाली. सकाळी काळी पँट, पांढरा शर्ट. संध्याकाळी डोळे लाल. दोघे एका घरात राहत होते आणि बोलणे मिठाच्या बरणीपुरते उरले होते. अब्दिएल मात्र लक्ष ठेवून होता. त्याला दुसरे काम नव्हते.

पहिली गोष्ट त्याच्या ध्यानात आली ती बाल्बिनोबद्दलची. बोट बुडाल्यापासून बाल्बिनो दर आठवड्याला माणसाकरवी काहीतरी पाठवायचा: कधी माशांची टोपली, कधी नारळ. अब्दिएल ते आल्या पावली परत धाडायचा, पण येत होते. यारिएला फर्ममध्ये गेली आणि ते यायचे बंद झाले.

"आता गरज काय?" चेमो म्हणाला. "व्यवहार झाला."

दुसरी गोष्ट होती पँटची. कपडे तोच धुवायचा. ओमाइरा गेल्यापासून त्याने ते काम कोणाला करू दिले नव्हते. एके दिवशी यारिएलाची काळी पँट बादलीत टाकताना त्याने ती नाकाशी नेली. डिझेल. खालच्या काठाला पांढरे डाग होते. खारे पाणी वाळले की असे डाग पडतात. काचेच्या इमारतीत, दोन मजल्यांवर, खारे पाणी कुठून येणार?

"काल कुठे होतीस?" त्याने रात्री जेवताना विचारले.

"ऑफिसात."

"दिवसभर?"

"दिवसभर. डाळ वाढू?"

मग चेमोने तिला पाहिले. बाल्बोआ बंदरात लाँचच्या धक्क्यावर तो भाडे सोडायला गेला होता. यारिएला दोन पुरुषांबरोबर उभी होती. हातात बॅग. एकाने तिला हात देऊन लाँचमध्ये उतरवले आणि लाँच सुटली.

"त्यातला एक बाल्बिनो होता?"

"पाठमोरे होते. जाड होता एक." चेमोला अब्दिएलचा चेहरा पाहून पुढचे बोलणे आवरावेसे वाटले असावे, पण आवरले नाही. "बाल्बिनोच्या उरलेल्या बोटी तिकडेच नांगर टाकून असतात. मी एवढंच म्हणतो."

अब्दिएलने कपाटातून कॉलरचा शर्ट काढला. तो त्याने निवृत्तीच्या दिवशी घातला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी यारिएला बाहेर पडल्यावर थोड्या वेळाने तोही बसमध्ये बसला.

काचेच्या इमारतीत त्याला खाली थांबवले, मग वर थांबवले. स्वागताच्या टेबलामागच्या मुलीने पाणी दिले आणि भेट ठरली आहे का, असे विचारले. तो म्हणाला, "सांगा, ओमाइराचा नवरा आलाय." मुलगी आत गेली आणि लगेच परत आली.

गार्सेस दारापर्यंत सामोरा आला. खोलीतून खाडी दिसत होती आणि नांगरलेली जहाजेही, रांगेत, पाळी येण्याची वाट पाहत. अब्दिएल त्यांच्याकडे पाठ करून बसला.

"यारिएला आत्ता इथे नाही, सेन्योर मुरिलो."

"ठाऊक आहे. लाँचवर असेल. बाल्बिनोबरोबर."

गार्सेसने भुवया उंचावल्या. मग त्याने स्वतःची खुर्ची सोडली आणि टेबलाच्या अलीकडे, अब्दिएलच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. असल्या जागा बदलण्याने अब्दिएल विरघळणार नव्हता.

"ती कशासाठी जाते ते तिने सांगितलेलं नाही?"

"ती म्हणते ऑफिसात होते."

"खोटं बोलायला नको होतं तिने. पण का बोलली असेल ते समजू शकतो." गार्सेस खिडकीकडे वळला. "एखाद्या जहाजाने कोणाचे पैसे बुडवले, कोणाचा माल खराब केला, की आम्ही न्यायालयाचा हुकूम घेऊन ते इथे अडकवून ठेवतो. हुकूम जहाजावर जाऊन बजावावा लागतो. न्यायालयाचा माणूस जातो, आणि आमच्याकडचं कोणीतरी बरोबर. लाँचने जायचं, जहाजाच्या कुशीला लागायचं, दोराच्या शिडीने वर चढायचं. उमेदवार बहुतेक टाळतात. बोट लागते, बूट खराब होतात. ती दर वेळी नाव देते."

अब्दिएलचे हात गुडघ्यांवर होते. ते त्याने एकमेकांत अडकवले.

"शिडीने?"

"शिडीने. पहिल्या खेपेला खाली उतरल्यावरही ती शिडीचा दोर सोडत नव्हती, असं न्यायालयाच्या माणसाने मला सांगितलं. मी म्हटलं, पुन्हा जाऊ नकोस. ती म्हणाली, मग मी ही शाखा कशाला घेतली?"

बाहेर फोन वाजत होता. कोणीतरी तो उचलला.

"आणि बाल्बिनो?" अब्दिएल म्हणाला. मूळ गोष्ट निसटू द्यायची नाही असे त्याने बसमध्येच ठरवले होते. "तुम्ही त्याचे वकील. माझी बायको त्याच्या बोटीवर होती. आणि माझ्या मुलीला नोकरी तुम्ही दिलीत. वकीलसाहेब, मी दोर फेकणारा माणूस आहे, पण गाठ कोणी मारली ते मला कळतं."

"मी त्याचा वकील होतो. आता नाही." गार्सेसने दोन्ही तळवे मांडीवर ठेवले. "मी सांगतो त्यातलं तुम्ही किती मानायचं ते तुम्ही ठरवा. बोट बुडाल्यावर थोड्याच दिवसांनी यारिएला माझ्याकडे आली. रडली नाही. म्हणाली, सर, मला तुमच्याकडे काम हवंय, आणि ओमाइरा माझी आई आहे. तुम्ही मला घेतलंत तर बाल्बिनोचं काम तुम्हाला सोडावं लागेल, आणि त्याच्या कागदांतलं तुम्हाला जे ठाऊक आहे ते तुम्ही कोणालाही सांगू शकणार नाही, मलासुद्धा नाही. नाही घेतलंत तर वर्गातल्या पहिल्या मुलीला का नाही घेतलं ते तुम्हाला सांगावं लागेल."

"म्हणजे तिने धमकावलं तुम्हाला?"

"नाही. तिने सौदा मांडला. तिला हेही ठाऊक होतं की माझ्याकडे मोठ्या कंपन्यांची जहाजं आहेत आणि बाल्बिनोच्या चार लाकडी बोटी. त्याला सोडून माझं फारसं बिघडणार नव्हतं. मी काही थोर माणूस नाही, सेन्योर मुरिलो. आकडे तिच्या बाजूचे होते. बाल्बिनोला या शहरात माझ्याहून चांगला वकील मिळणार नाही, हे तिला माहीत होतं. तो आता दुसरीकडे गेलाय. इथून जाताना माझ्या स्वागतिकेला नाही नाही ते बोलून गेला."

अब्दिएलने गार्सेसच्या चेहऱ्याकडे पाहिले. वकिलाचा चेहरा. त्यावर काही सापडेल अशी त्याला आशा नव्हती. पण भाज्यांच्या बाजारात ओमाइरा अशीच बोलायची. समोरच्याचे काय बिघडत नाही ते आधी हेरायचे, मग तेवढेच मागायचे. हे मात्र कोणा वकिलाला घरबसल्या रचता आले नसते.

"मग तिला हे काम नकोच होतं," तो म्हणाला. "बाल्बिनोचा वकील काढून घ्यायला आली ती."

"ते मीही तिला विचारलं." गार्सेस किंचित हसला. "म्हणाली, दोन्ही. आई असती तरी मी इथेच आले असते, फक्त सौदा न करता. मला वाटतं ते खरं आहे. ती सकाळी सगळ्यांच्या आधी येते. पुढे रॉटरडॅमला शिकायला जायचं तिच्या डोक्यात आहे."

हे अब्दिएलला ठाऊक नव्हते. त्याने मान हलवली, ठाऊक असल्यासारखी.

"मग दावा का लागत नाही?" त्याने विचारले. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "वाचलेल्यांनी लावले. बाकीच्यांच्या घरच्यांनी लावले. ती एक शब्द काढत नाही. आम्हीच काय ते उरलोत."

"त्या दाव्याबद्दल मी तुम्हाला सल्ला देऊ शकत नाही. तुमच्यासाठी दुसरी वकील आहे. यारिएलाने ठरवलीय, मी नाव विचारलेलं नाही. पण कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात आहे तेवढं सांगतो. मृत्यू झाला म्हणून दावा लावायचा तर मृत्यू नोंदलेला लागतो. देह सापडला नसेल तर न्यायाधीशाकडे अर्ज करून तो ठरवून घ्यावा लागतो. तिला बोटीवर चढताना पाहिलेली माणसं पुढे यावी लागतात."

"अर्ज तिने करायचा. वकील ती आहे."

"करू शकते. मुलगी आहे. पण नवऱ्याला नोटीस जाते, आणि नवरा उभा राहून म्हणाला की माझी बायको जिवंत आहे, तर न्यायाधीश दोघांना समोरासमोर ऐकून घेतो." गार्सेसने चष्मा काढला. "मी तिला म्हटलं होतं, मुदत चाललीय. ती म्हणाली, बाबांना आरोपीसारखं समोर उभं करून मी आईला मेलेली ठरवणार नाही. ते येतील तेव्हा येतील."

खाली रांगेतले एक जहाज हलू लागले होते. ओढून नेणाऱ्या दोन टगबोटी त्याच्या मागे लागल्या. अब्दिएल उठला, खुर्ची होती तशी सरळ केली. दाराशी गार्सेसने हात पुढे केला. त्याने तो घेतला, पण अर्धाच, आणि लगेच सोडला.

"तुम्ही सांगितलंत ते मी तिला विचारणार आहे," तो म्हणाला.

"विचारा. विचारायलाच हवं."

तो घरी आला तेव्हा फेलिसिया खानावळीच्या पायरीवर वाटाणे सोलत होती.

"कॉलर घालून कुठे गेला होतात? नवरी बघायला?"

"कोमाद्रे, ओमाइरा बोटीत चढली तेव्हा धक्क्यावर कोण कोण होतं?"

तिचा हात थांबला. "तुम्ही. आणि तुम्ही म्हणाला होतात तो बर्फवाला, काय त्याचं नाव. का?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून कोणी असं विचारतं का?" ती त्याच्या मागोमाग ओरडली, आणि गल्लीतले कुत्रे भुंकू लागले.

यारिएला संध्याकाळी आली. तिने बूट पायरीवरच काढले. अब्दिएल तव्याशी उभा राहून केळ्यांचे काप तळत होता. एकेक काप बाहेर काढून वाटीने दाबून चपटा करायचा आणि पुन्हा तेलात सोडायचा. त्याने मागे वळून पाहिले नाही.

"पँट बादलीत टाक. डिझेल लवकर निघत नाही."

ती तशीच उभी राहिली.

"कोणतं जहाज होतं?" त्याने विचारले.

तिने बॅग खुर्चीवर ठेवली.

"धान्याचं," ती म्हणाली. "लायबेरियाचा झेंडा. तुम्ही ऑफिसात गेला होतात."

"हो."

"सर बोलले म्हणजे."

"फार बोलतो तो माणूस." त्याने आच कमी केली. "लाँचवरून शिडी धरताना लाट वर आली की पाय उचलायचा. खाली जाताना उचललास तर लाँच परत वर येऊन पायावर आदळते. आणि बॅग खांद्याला लावून चढायचं नाही. खाली ठेवायची, वरून दोराने ओढून घ्यायची. त्यांना सांग, दोर टाका. टाकतात."

"सांगते."

"रॉटरडॅम म्हणजे थंडी असेल."

"ते लगेच नाही, बाबा. तीन-चार वर्षांनी. जमलं तर."

त्याने ताट पुढे केले. ती टेबलाशी बसली, एक काप उचलला, गरम होता म्हणून या हातातून त्या हातात टाकत राहिली. अब्दिएल समोर बसला. गार्सेसने सांगितलेले सगळे तिला विचारायचे असे त्याने येताना ठरवले होते. सौदा, चार बोटी, दोन्ही. त्याने त्यातले काही विचारले नाही.

"ती दुसरी वकील कोण?"

"मिर्ता. कॉलेजात मला दोन वर्षं सीनियर, परवाना आहे तिच्याकडे. कालिदोनियात ऑफिस आहे. चांगली आहे."

"तरुण आहे का फार?"

"माझ्याहून दोन वर्षांनी मोठी."

"बर्फवाल्याचं नाव रुफीनो," तो म्हणाला. "तो होता तिथे. ओमाइरा चढली तेव्हा. तिने केकवर ठेवायला त्याच्याकडून बर्फ घेतला होता."

यारिएलाने काप ताटात ठेवला. तिचा हात मानेकडे गेला नाही. तो टेबलावर, त्याच्या हातापासून थोड्या अंतरावर राहिला.

"मिर्ताला सांगू?"

"रुफीनोचं सांग."

"आणि तुमचं?"

तो उठला आणि तव्याखालची आच बंद करायला गेला. ती आधीच बंद होती.

मिर्ताने अर्ज लिहिला. रुफीनो दुसऱ्या आठवड्यात जाऊन आपले म्हणणे देऊन आला. दाव्याची मुदत ऑक्टोबरात संपते. अब्दिएल एकदा बसने कालिदोनियापर्यंत गेला आणि फळे घेऊन परत आला. अर्जावर त्याची सही अजून झालेली नाही.